सुई टोचली की भोवळ येते, आणि थायरॉइडसाठी दर दोन महिन्यांनी रक्त द्यायचं आहे

ओवी_नाशिक

मुलीचं वय २२, शिकायला पुण्यात असते. थायरॉइड कमी काम करतोय म्हणून गोळी सुरू झाली आहे आणि डोस नीट बसेपर्यंत दर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगितलंय. अडचण सुईची आहे. दंडाला पट्टा आवळला की तिच्या चेहऱ्याचा रंग उडतो, लागोपाठ जांभया येतात, कपाळावर गार घाम फुटतो आणि सुई काढून कापूस लावेपर्यंत ती खुर्चीतच कलंडते. अर्ध्या मिनिटात भानावर येते. पुढची तपासणी ७ आठवड्यांनी आहे, आणि आतापासूनच "या वेळी राहू दे" सुरू झालंय.

"एवढ्याशा सुईला काय घाबरायचं" हे घरातल्या सगळ्यांचं म्हणून झालंय, काडीचा फरक पडला नाही. हा नुसता घाबरटपणा आहे की शरीराचा काही प्रकार आहे? मधल्या ७ आठवड्यांत घरच्या घरी काय करता येईल? लॅबमध्ये आधी काय सांगून ठेवावं? आणि जाण्याआधी एखादी शांत करणारी गोळी घेतली तर चालेल का?

पिंपळपान

रक्त काढताना डोळे मिटून दीर्घ श्वसन करावं, अंग पूर्ण सैल सोडावं. रोज १५ मिनिटं शवासनाचा सराव ठेवला तर मन आपोआप शांत राहतं.

सावकाश_चला

पिंपळपान, लिफ्ट, पाल, कुत्रा, विमान अशा भीतींना तुमचा सल्ला लागू पडतो. जो माणूस सुईने खरोखर बेशुद्ध पडतो, त्याला मात्र हाच सल्ला अपाय करतो. कारण नीट समजून घ्यावं असं आहे.

पालीला घाबरणाऱ्याची छाती धडधडते, रक्तदाब चढतो आणि पाल दिसते तोवर चढलेलाच राहतो. चढलेल्या रक्तदाबात माणूस सहसा कोसळत नाही. रक्त, सुई आणि जखम यांच्या भीतीत मात्र गोष्ट दोन टप्प्यांत घडते. आधी इतरांसारखीच धडधड, आणि मग अचानक उलटा फेरा. व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग खाली ओढते, त्याच वेळी पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला कमी पडतं. जांभया, घशाशी येणं, गार घाम, आवाज लांबून आल्यासारखा वाटणं, कडेकडेने अंधारून येणं, ही सगळी या दुसऱ्या टप्प्याची लक्षणं. रक्तदाब आधीच घसरत असताना अंग सैल सोडलं तर तो आणखी घसरणार. त्यात भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भोवळ लवकर येते.

म्हणून ओवीताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हा घाबरटपणा नाही. तिच्या शरीराची ती ठरलेली प्रतिक्रिया आहे आणि ती बरेचदा घराण्यात चालत येते. मावशी, आजोबा, काका यांच्यापैकी कुणाला रक्त पाहून घेरी यायची का, विचारून बघा. "माझ्यातच काहीतरी कमी आहे" ही मुलीच्या मनातली समजूत त्या एका चौकशीने बरीच हलकी होते.

यावरचा उपाय अंग आवळण्याचा आहे. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८७ साली तो पाच बैठकींच्या उपचाराच्या रूपात मांडला. इंग्रजीत त्याला अप्लाइड टेन्शन म्हणतात. तुमचा मानसोपचारतज्ज्ञ हे नाव ओळखेल. घरी करायचा तो असा.

पाठ टेकेल अशा खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवर. दंड, छाती, पोट, नितंब, मांड्या आणि पोटऱ्या एकदम आवळायच्या. १० ते १५ सेकंद, म्हणजे चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटेपर्यंत. ही ऊब हीच खूण, घड्याळापेक्षा तिच्याकडे लक्ष द्यायचं. मग आवळ सोडायची, पण गळून जायचं नाही, नेहमी बसतो तेवढाच ताण अंगात ठेवायचा. २० ते ३० सेकंद थांबून पुन्हा आवळायचं. अशा ५ आवर्तनांची एक फेरी, आणि दिवसातून ५ फेऱ्या. एक फेरी चार मिनिटांत होते. वसतिगृहात उठल्यावर, दोन तासिकांच्या मध्ये, जेवणाआधी, कशीही बसवता येते.

चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे श्वास कोंडणं. श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि जे टाळायचंय तेच घडतं. आवळताना हळूहळू आकडे मोजायला सांगा. आवाज निघतोय म्हणजे श्वास चालू आहे. दुसरी चूक, नुसत्या मुठी आणि जबडा आवळणं. रक्त मांड्या-पोटऱ्यांत साचतं, तेव्हा खरं काम पायांनी करायचं आहे. तिसरी चूक थेट लॅबच्या खुर्चीत पहिल्यांदा करून बघण्याची. आठवडाभर नुसता सराव झाल्याशिवाय ऐन वेळी ते अंगात येत नाही.

घरी बीपीचं यंत्र असेल तर पट्टा एका हाताला बांधून तो हात सैल ठेवा, बाकीचं अंग आवळून मोजा आणि सैल असतानाचा आकडा शेजारी लिहा. वरचा आकडा चढलेला तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की सरावावरचा विश्वास बसतो.

गरोदरपण, वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया किंवा ताजं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

तांबडी_टोपी

रक्त घेण्याच्या कामातली माहिती लिहितो. तपासणीच्या दिवशीची निम्मी अडचण चुकीच्या व्यवस्थेतून येते.

पहिली गोष्ट, उपाशीपोटी. नुसत्या टीएसएचसाठी उपाशी राहावं लागत नाही. लोक सवयीने रात्रीपासून काही न खाता येतात आणि रिकामं पोट, कमी पाणी हे भोवळीला आमंत्रणच. सोबत उपाशीपोटीची साखर लिहिली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लॅब उघडताच पहिला नंबर घ्यावा. थायरॉइडची गोळी नेहमीसारखी सकाळी घेऊन, अर्ध्या ते एक तासाने नाश्ता करून मग रक्त दिलं तरी टीएसएचवर त्या दिवसाच्या गोळीने फरक पडत नाही. चिठ्ठीवर फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक मोजणारी तपासणी) पण असेल तर मात्र गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा, कारण गोळीनंतर काही तास तो आकडा वर जातो. आणि दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारकडे कमी असतो. एकदा सकाळी ७ ला आणि एकदा दुपारी २ ला दिलं तर आकड्यांची तुलना नीट होत नाही.

निघण्याआधी अर्धा तास अर्धा लिटर पाणी प्यायला सांगा. रक्तदात्यांनाही हेच सांगतात. रक्तदाबाला आधार मिळतो आणि शीरही भरलेली सापडते.

दुसरी गोष्ट, झोपून रक्त द्यायचं. नोंदणीच्या टेबलावरच सांगा: "हिला रक्त देताना भोवळ येते, झोपवून घ्या." यात लाजण्यासारखं काही नाही. ऐनवेळी खुर्चीतून कोसळणाऱ्या माणसाला सावरण्यापेक्षा आधी कॉट देणं आम्हाला केव्हाही सोपं. शनिवार-रविवारची सकाळ टाळा, गर्दीत कुणाला वेळ नसतो आणि रांगेत समोर दुसऱ्यांचं रक्त काढताना दिसत राहतं. अकरानंतर बहुतेक ठिकाणी शांत असतं, पण मग दर वेळी अकरालाच. घरी येऊन रक्त नेणारे असतील तर सोफ्यावर नको, पलंगावर आडवं पडूनच.

तिसरी, सुई. नेहमीची सुई २१ किंवा २२ नंबरची. नंबर वाढला की सुई बारीक. बारीक नळी आणि पंख असलेली २३ नंबरची सुई मिळते, आमच्याकडे तिला स्काल्प व्हेन किंवा बटरफ्लाय म्हणतात. ती मागता येते. टीएसएचला ३ ते ५ मिली रक्त पुरतं, म्हणजे एक चमचा, एकच ट्यूब. मुलीला हा आकडा माहीत असू द्या. नळीत चढणारं रक्त असतं त्यापेक्षा बरंच जास्त वाटतं.

आता वरच्या सरावाला जोडून एक महत्त्वाचं. ज्या हातातून रक्त घेणार तो हात आवळायचा नाही. एक तर शीर हलते आणि दुसऱ्यांदा टोचायची वेळ येते. शिवाय मूठ सारखी उघड-मीट केली की रक्तातलं पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. टीएसएचला त्याचा त्रास नाही, पण पुढे कधी ती तपासणी असेल तर रिपोर्ट चुकेल. म्हणून आडवं पडून पायांवर पाय टाकायचे, मांड्या एकमेकींवर दाबायच्या, पोट आणि दुसरा हात आवळायचा, आणि सुईचा हात उशीवर ओल्या फडक्यासारखा पडलेला हवा. घरी सराव करताना शेवटच्या दोन फेऱ्या अशाच करायला सांगा. एक हात सैल ठेवून बाकी अंग आवळणं ही वेगळी कसरत आहे, ती आपोआप जमत नाही.

पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळलेला ठेवायचा नसतो. शीर शोधण्यात वेळ जात असेल तर "एकदा सोडून पुन्हा बांधा" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

ओवी_नाशिक

तांबडी_टोपी, उपाशीपोटीचं कुणीच सांगितलं नव्हतं. आतापर्यंत दर वेळी चहासुद्धा न घेता गेलो.

आठवडाभर सराव झाला आहे. दोन शंका. आवळल्यावर तिचं डोकं दुखतं, विशेषतः कपाळ. आणि सराव छान होतो, पण सुईचा नुसता फोटो समोर आला तरी ती मोबाइल उलटा ठेवते. मग प्रत्यक्ष वेळी कसं होणार?

सावकाश_चला

डोकं दुखतंय म्हणजे कपाळ, जबडा आणि मान जास्त आवळली जातेय किंवा जोर पूर्ण ताकदीने लावला जातोय. पूर्ण ताकदीच्या तीन चतुर्थांश पुरे. दात एकमेकांवर टेकू द्यायचे नाहीत, जीभ सैल, खांदे कानांपासून खाली. दोन आवर्तनांमधली विश्रांती अर्ध्या मिनिटापर्यंत वाढवा. दोन दिवसांत थांबायला हवं, नाहीच थांबलं तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरी शंका म्हणजे उपचाराचा उरलेला अर्धा भाग. आवळण्याने भोवळ थांबते, पण भीती कमी होते ती तिच्यासमोर थांबल्याने. त्यासाठी पायऱ्या करायच्या. एका कागदावर सुईशी जोडलेल्या दहाएक गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीला ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा द्यायचा. आकडे मुलीने द्यायचे, तुम्ही नाही. तुम्हाला किरकोळ वाटणारी स्पिरिटच्या बोळ्याची गोष्ट तिच्या यादीत ७० वर असू शकते.

साधारण क्रम असा बसतो: पेन्सिलीने काढलेलं सिरिंजचं चित्र, मग फोटो, मग केमिस्टकडून आणलेली २ मिलीची सिरिंज सुईशिवाय हातात घेणं, तिने पाणी ओढणं-सोडणं. कोपराच्या खळगीला स्पिरिटचा बोळा फिरवून तो गारवा आणि वास जाईपर्यंत तिथेच बसणं. दंडाला ओढणी सैलसर बांधणं. दुसऱ्याचं रक्त घेतानाचा व्हिडिओ, आधी आवाज बंद करून, मग आवाजासह. टोपण लावलेली सुई टेबलावर. लॅबच्या बाकावर २० मिनिटं बसून परत येणं. आणि शेवटून दुसरी पायरी, जी सगळे गाळतात: लॅबमध्ये विनंती करून कॉटवर पडणं, पट्टा बांधून घेणं, बोळा फिरवून घेणं, आणि न टोचता उठून येणं. वर लिहिणाऱ्यांसारखी समजूतदार माणसं बऱ्याच ठिकाणी असतात, दुपारच्या निवांत वेळी विचारून बघा.

प्रत्येक पायरीवर आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. कधी १० मिनिटं लागतात, कधी ४०. सगळं बिघडतं ते इथे: आकडा ८० ला पोहोचला की मुलगी फोटो बंद करते, सुटल्यासारखं वाटतं, आणि "बंद केलं म्हणून वाचले" एवढंच शरीर शिकतं. पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. त्यापेक्षा सोपी पायरी निवडा, पण ती अर्ध्यात सोडू नका. लागोपाठ दोन दिवस आकडा निम्म्यावर आला की वरची पायरी. मध्ये जांभई किंवा गार घाम आला की लगेच आवळायचं, लक्षण ओसरलं की थांबायचं, आणि फोटो तसाच समोर ठेवायचा. सुरुवातीच्या दिवसांत पलंगावर भिंतीला टेकून बसावं आणि जवळ कुणीतरी असावं, वसतिगृहात मैत्रीण चालेल. त्या मैत्रिणीचं काम आकडा विचारणं आणि वेळ बघणं, एवढंच. "काही नाही गं होत" म्हणत राहिली तर मुलीचं लक्ष धीर मिळवण्याकडे जातं.

तुमच्याकडे अजून ६ आठवडे आहेत. त्यातले ४ घरच्या पायऱ्यांना, आठवड्यातले किमान ५ दिवस. पाचवा लॅबच्या बाकाला आणि न टोचण्याच्या फेरीला, सहाव्यात तपासणी. पुढच्या तपासणीआधी पुन्हा आठवडाभर उजळणी हवीच, दोन महिन्यांच्या खंडात भीती थोडी परत येते. ती आली म्हणजे सगळं वाया गेलं असं समजू नका.

फोटोच्या पायरीवरच दोन आठवडे अडकलं तर मात्र एकट्याने रेटू नका. वर्तनोपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जवळचं कुणी माहीत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

दवाखान्याची_चिठ्ठी

शांत करणाऱ्या गोळीचा प्रश्न मागे राहिला म्हणून लिहिते.

अल्प्राझोलामसारख्या गोळीने धास्ती काही तास कमी होते, भोवळ मात्र त्या गोळीने थांबत नाही. वर झापड येते, तोल जातो, आणि पायऱ्यांच्या सरावातून शरीराने जे शिकायचं ते शिकलं जात नाही. दर दोन महिन्यांनी रक्त द्यायचं असेल तर गोळीशिवाय जाताच येणार नाही अशी सवय लागते. धडधड थांबवणारं प्रोप्रानोलोल परीक्षेच्या आणि भाषणाच्या भीतीला अनेकांना माहीत असतं. ते नाडी आणि रक्तदाब दोन्ही खाली आणतं, तेव्हा इथे ते कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

टोचण्याच्या वेदनेचीच भीती जास्त असेल तर बधिर करणारं मलम उपयोगी आहे: लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के. यात वेळ चुकते. लोक लॅबच्या दारात मलम चोळतात आणि दहा मिनिटांनी "काही उपयोग नाही" म्हणतात. ते चोळायचं नसतं. कोपराच्या खळगीत साधारण २ ग्रॅमचा जाड थर ठेवायचा, वर चिकट पारदर्शक पट्टी लावायची आणि पूर्ण एक तास तसंच राहू द्यायचं. कोणता हात निघेल माहीत नसेल तर दोन्ही हातांना लावा. पुसून काढल्यावर बधिरपणा तासभर तरी टिकतो. कातडी पांढरी पडते आणि शीर थोडी आकसते, म्हणून पुसल्यावर दहा मिनिटं थांबून मग टोचून घ्यावं. जी-६-पीडी (तांबड्या रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असलेल्यांनी आणि अगदी लहान बाळांना हे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. मलमाने टोचणं कळत नाही एवढंच, रक्त बघून येणारी भोवळ त्याने टळत नाही.

तांबडी_टोपी

एवढं करूनही भोवळ आलीच तर काय करायचं, तेही सोबत जाणाऱ्याला आधी सांगून ठेवा. सपाट आडवं ठेवायचं, पाय दोन उशांइतके वर. कुणी बसवायला निघालं तर अडवा. बसवलं की मेंदूचं रक्त पुन्हा कमी पडतं आणि शुद्ध येणं लांबतं. तोंडात पाणी ओतायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. काही जणांचे हातपाय दोन-चार झटके देतात आणि लोक फिट आली म्हणून घाबरतात. आडवं केल्यावर मिनिटाच्या आत डोळे उघडून माणूस नीट ओळख देत असेल तर ते भोवळीचेच झटके.

मात्र सुई-रक्त काहीच समोर नसताना भोवळ येणं, पळताना किंवा जिना चढताना येणं, आधी छातीत धडधड होऊन येणं, जीभ चावली जाणं, शुद्धीवर आल्यावर बराच वेळ गोंधळलेलं राहणं, किंवा घराण्यात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणं, यातलं एकही असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या.

रक्त दिल्यावर कोपर दुमडून कापूस अडकवू नका, तसं केल्याने काळं-निळं होतं. हात सरळ ठेवून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ५ मिनिटं दाबून धरायचं. कॉटवर १० मिनिटं पडून राहायचं, मग ५ मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, त्या वेळी पोटऱ्या आवळत राहायचं, आणि मगच उभं राहायचं. बऱ्याच जणांना भोवळ येते ती सुई निघाल्यावर, "झालं एकदाचं" म्हणून चटकन उठून पैसे द्यायला काउंटरवर जाताना. पैसे आधीच देऊन ठेवा.

ओवी_नाशिक

यादी तिने स्वतः केली. स्पिरिटचा बोळा खरंच ६५ वर आहे, आणि पट्ट्याचा चटकन आवळल्याचा आवाज ८०. तो आवाज कुठून आणायचा?

तांबडी_टोपी

औषधांच्या घाऊक दुकानात पट्टाच मागा, थोड्या पैशांत मिळतो. अडकवायची क्लिप असलेला घ्या, आवाज तिचाच येतो. पहिले दोन दिवस नुसता टेबलाच्या पायाला बांधून आवाज ऐकू द्या. मग तुमच्या दंडाला, मग तिच्या, कोपराच्या चार बोटं वर, आणि मिनिटभरात सोडायचा.